क्रूझला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-बाबांना पहिल्यांदा क्रूझवर नेलं, त्यानंतर मुंबईहून, सिंगापूरहून, भूमध्य समुद्रात आणि अलास्काला अशा मिळून सहा सफरी झाल्या. तेव्हापासून दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की नातेवाईक, सोसायटीतले शेजारी आणि त्यांच्या ओळखीचे लोक प्रश्न पाठवतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. एखाद्या विषयावर दुसरीकडे जास्त लिहिलं असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्हिसाचे नियम आणि दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी दूतावासाच्या आणि जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

१. क्रूझवर दिवसभर करायचं काय? कंटाळा नाही का येत?

बहुतेक सफरींत जहाज रात्री चालतं आणि सकाळी नव्या बंदराला लागतं. दिवसभर उतरून फिरायचं, संध्याकाळी परत यायचं. सामान एकदाच उघडायचं, खोली तीच राहते, शहर बदलतं. मधे एखादा दिवस पूर्ण समुद्रात जातो. त्या दिवशी पोहणं, नाटक, संगीत, वाचन किंवा नुसतं डेकवर बसणं. आमच्या घरात सगळ्यांना हाच दिवस सर्वांत जास्त आवडला.

क्रूझ निवडताना लोक जहाजाचे फोटो बघतात. मी आधी बंदरांची यादी बघते: किती बंदरं आहेत, प्रत्येक ठिकाणी किती तास मिळणार आहेत, आणि बंदरापासून पाहायची जागा किती लांब आहे. सफर चांगली होणार की धावपळीची, हे त्या यादीतच ठरतं.

२. पहिलीच वेळ आहे. मुंबईहून जावं की थेट परदेशात?

समुद्र मानवतो की नाही हे माहीत नसेल तर मुंबईहून जा. कॉर्डेलिया या भारतीय कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबई, गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करतंय. ते १९९० साली बांधलेलं आहे आणि पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं. म्हणजे जहाज जुनं आहे आणि आजच्या मोजमापाने मध्यम आकाराचं, हे मनात धरून जा. व्हिसा लागत नाही, पैसे रुपयांत, जेवण आपलं. नुसत्या भारतातल्या फेरीला आधारसारखं सरकारी ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो कंपनीमार्फत निघतो, पण त्यासाठी मागितलेली माहिती वेळेत द्यावी लागते.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात, वास्कोशेजारी लागतं. तिथून पणजी तासाभरावर आहे. मंगेशी आणि शांतादुर्गेचं दर्शन घ्यायचं असेल तर टॅक्सी आधी ठरवा आणि किनारा, बाजार, मंदिर असं सगळं एका दिवसात कोंबू नका.

शनिवार-रविवार धरून असलेल्या दोन रात्रींच्या फेरीत तरुणांचे ग्रुप जास्त असतात आणि रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. घरात वडीलधारी माणसं असतील तर आठवड्याच्या मधली, जरा लांबची फेरी घ्या. पावसाळ्यात अरबी समुद्रातल्या या फेऱ्या बंद असतात.

३. लक्झरी क्रूझ नक्की कशाला म्हणायचं? सगळ्याच क्रूझ लक्झरी नसतात का?

जाहिरातीत सगळ्याच लक्झरी असतात. धंद्यात मात्र या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज ७,६०० पर्यंत प्रवासी घेतं. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, बर्फावरचे कार्यक्रम आहेत, मुलांना आठवडा पुरत नाही. पण ती लक्झरी क्रूझ नव्हे, ती मोठी कौटुंबिक क्रूझ. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट सेव्हन सीज, एक्सप्लोरा या खऱ्या लक्झरी कंपन्या. त्यांच्या बहुतेक जहाजांवर काहीशे प्रवासी असतात, हजारो नव्हे. खोल्या सगळ्या ‘स्वीट’, म्हणजे बसायला वेगळी जागा असलेल्या मोठ्या, रांगा जवळपास नाहीत, आणि पेयं, टिप्स हे सहसा भाड्यातच. रीजंटमध्ये तर बंदरावरच्या बऱ्याच सहलीही भाड्यात येतात.

व्हायकिंग कंपनीच्या समुद्री जहाजांवर १८ वर्षांखालच्यांना घेत नाहीत आणि कसिनोही नसतो. निवृत्त जोडप्यांना मी हे आवर्जून सुचवते. नातवंडं बरोबर असतील तर तो पर्याय आपोआप बाद होतो.

मधला मार्गही आहे: मोठ्या जहाजातच वेगळा राखीव भाग. एमएससी कंपनीचा ‘यॉट क्लब’ आणि नॉर्वेजियन कंपनीचं ‘द हेवन’ यांना स्वतंत्र जेवणघर, स्वतंत्र डेक आणि चढायला वेगळी वाट असते. मुलांना घसरगुंडी आणि आजीला शांतता, दोन्ही हवं असेल तर पैसे इथे घाला.

४. केबिन कुठली घ्यावी? बाल्कनीला एवढे जास्त पैसे द्यावेत का?

अलास्का आणि नॉर्वेच्या फ्योर्डला (उंच कड्यांमधून आत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या) द्यावेत, कारण तिथे पाहण्यासारखं पुष्कळसं जहाज चालत असतानाच दिसतं. रोज सकाळी उतरून संध्याकाळी परत यायचं असेल तर आतली, बिनखिडकीची केबिनही पुरते. मात्र दिवे मालवल्यावर तिथे काळोख होतो आणि सकाळ झालेली कळत नाही. कोंडल्यासारखं वाटणाऱ्या माणसाला ती घेऊन देऊ नका.

जागा कुठे आहे हे प्रकारापेक्षा महत्त्वाचं. खालचा डेक आणि जहाजाचा मधला भाग सर्वांत कमी हलतो. डेकच्या नकाशात आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर स्वयंपाकघर किंवा पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. ‘गॅरंटी’ म्हणून स्वस्तात मिळते ती केबिन कंपनी ठरवते. दोन-तीन कुटुंबांना जवळजवळ राहायचं असेल तर ती टाळा.

५. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचं बिल यांत एवढा फरक का?

जाहिरातीतलं भाडं एका खोलीत दोन माणसं धरून, दर माणशी सांगितलेलं असतं. एकट्याने गेलात तर अनेकदा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. त्यावर बंदर शुल्क, आणि लक्झरी सोडून इतर बहुतेक कंपन्यांत रोजच्या टिप्स. मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर त्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर होतात आणि लहान मुलांनाही लागू असतात. १८ डॉलर धरले तर चौघांच्या सात रात्रींचे ५०४ डॉलर झाले. हे पैसे केबिन साफ करणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या माणसांच्या कमाईचा मोठा भाग असतात. काउंटरवर जाऊन ते काढून टाका असा सल्ला देणारे भेटतील, कृपा करून तसं करू नका.

वायफाय, मद्य, शीतपेयं, खास रेस्टॉरंट आणि सहली हे सगळं वेगळं. जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्डच दाखवायचं आणि हिशेब शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डावर येतो. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर रोज काही रक्कम अडकवून ठेवली जाते आणि ती मोकळी व्हायला घरी आल्यावरही दिवस लागतात, म्हणून तिथे क्रेडिट कार्डच द्या. परदेशी पॅकेज भारतातून घेताना टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो. तो खर्चात धरू नका, विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते. पावती मात्र जपा.

ग्रीसने १ जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर कर लावला आहे. सँटोरिनी आणि मिकोनोसला भर हंगामात तो माणशी २० युरो आहे.

६. मला बसमध्येसुद्धा उलटी होते. बोट लागेल का?

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात आणि ते डावी-उजवीकडचं डोलणं बरंच कमी करतात. पुढे-मागे होणारे हेलकावे त्यांना तितके आवरत नाहीत. शांत हंगामात बऱ्याच जणांना जहाज चालतंय हेही कळत नाही. तरी बसचा त्रास असणाऱ्यांनी तयारी करूनच जावं.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग होत नाही, ती आधी घ्यावी लागते. अव्होमिन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण तिने झोप येते, आणि प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आलेपाक आणि आवळा सुपारी माझ्या आईला खरंच उपयोगी पडली. त्रास वाटू लागला की केबिनमध्ये जाऊन झोपण्याऐवजी उघड्या डेकवर, जहाजाच्या मधोमध उभं राहून क्षितिजाकडे बघत राहा. उपाशी राहू नका, कोरडं काहीतरी खात राहा. केबिन निवडताना चौथं उत्तर पुन्हा वाचा.

हंगामही बघा. मुंबई-गोवा डिसेंबर ते मार्च, अलास्का जून-जुलै, भूमध्य समुद्र मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणाऱ्या सफरीने सुरुवात करू नका.

७. आम्ही शुद्ध शाकाहारी. सात दिवस पाव-सॅलडवर काढावे लागतील का?

नाही. पण हे बुकिंगच्या दिवशीच लेखी कळवावं लागतं. मुंबई आणि सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर भारतीय जेवण असतंच. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या जहाजांवर मुख्य जेवणघरात बहुधा रोज एक भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतो. खरी सोय पहिल्या रात्री होते: जेवणघरात हेड वेटरला भेटून आपण काय खातो, काय नाही ते नीट सांगा. तो तुम्हाला दुसऱ्या दिवसाची यादी आदल्या रात्री दाखवतो आणि त्यातून तुमचं वेगळं बनवून घेतो. यातले कितीतरी वेटर आणि आचारी गोवा, कोकण आणि मुंबईचे असतात. भूमध्य समुद्रात एका रात्री आमच्या टेबलाजवळ एक मुलगा थांबला, आमचं बोलणं ऐकून म्हणाला, “काकू, उद्या डाळ-भात करून आणतो.” आणि त्याने आणला.

‘व्हेज’ शब्दावर विसंबू नका. सुपाचा आधार मांसाचा असू शकतो, गोड पदार्थांत अंडं किंवा जिलेटिन असतं, बटाट्याच्या काचऱ्या मासळी तळलेल्या तेलातच तळलेल्या असू शकतात. अंडं नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्सा नाही, असं एकेक नाव घेऊन सांगा. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा आणि सगळी कंदमुळं यांची यादी इंग्रजीत छापून बरोबर ठेवा. ‘जैन’ हा शब्द युरोपातल्या स्वयंपाकघरात अनेकांना माहीत नसतो.

८. चिवडा, लाडू, चकली घेऊन जाता येतं का? आणि माझी चतुर्थी असते.

कारखान्यात सीलबंद केलेला खाऊ बहुतेक कंपन्या चालवून घेतात. घरी केलेल्या पदार्थांना सहसा परवानगी नसते. म्हणून दुकानातली बंद पाकिटं न्या. बंदरावर उतरताना मात्र खायचं काही बरोबर नेऊ नका, विशेषतः फळं. अनेक देशांत त्यावर दंड आहे.

चतुर्थीला फळं, दही, उकडलेले बटाटे आणि सुकामेवा बुफेत नक्की मिळतो. खिचडी हवी असेल तर मुंबईच्या जहाजावर विचारून बघता येईल.

९. केबिनमध्ये सकाळी पूजा करते. दिवा-उदबत्ती चालेल ना?

चालणार नाही, आणि या बाबतीत कुणालाही सूट नाही. समुद्रात आगीसारखं दुसरं संकट नाही, पळायला जागा नसते. मेणबत्ती, उदबत्ती, कापूर, सगळं तपासणीत काढून घेतात. छोटी तसबीर, जपमाळ, पोथी न्या. आई बॅटरीवरचा छोटा दिवा नेते.

याच कारणाने इस्त्री, विजेची किटली, पाणी तापवायची कॉइल आणि साधी एक्स्टेन्शन बोर्डंही चढताना जमा होतात आणि शेवटच्या दिवशी परत मिळतात. चहासाठी गरम पाणी बुफेत चोवीस तास किंवा जवळजवळ तेवढं मिळतं, झाकणाचा मग आणि चहाची पाकिटं न्या.

१०. फॉर्मल नाइटला काय घालायचं? सूट शिवायला हवा का?

फॉर्मल नाइट म्हणजे नटूनथटून जेवायला जायची संध्याकाळ. साडी नेसा. पैठणी, इरकल, काहीही. राष्ट्रीय किंवा पारंपरिक पोशाख फॉर्मल मानला जातो, त्यात दुमत नाही. पुरुषांना बंदगळा पुरतो. ‘क्वीन मेरी २’ या जहाजावर साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाताना संध्याकाळच्या पोशाखाचा आग्रह अजूनही पाळतात, बाकी बहुतेक ठिकाणी तो सैल झालाय. साड्या घरूनच इस्त्री करून न्या (नववं उत्तर बघा). रोजच्यासाठी न घसरणाऱ्या तळव्याच्या चपला, आणि एक शाल: आतलं एसी फार गार असतं.

११. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी सामानाचं काय होतं?

धक्क्यावर मोठ्या बॅगा नावाची पट्टी लावून द्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत केबिनबाहेर येतात. तोपर्यंत लागणारी औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. शेवटच्या रात्री उलट: मोठ्या बॅगा झोपण्याआधी केबिनबाहेर ठेवायच्या आणि सकाळी धक्क्यावरून उचलायच्या. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि बूट बाहेर काढून ठेवा. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी सगळंच बॅगेत भरलं आणि सकाळी रात्रीच्या कपड्यांतच उतरावं लागलं. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

१२. ते सुरक्षेचं ड्रिल टाळलं तर चालतं का?

नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडलं. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोपर्यंत झालेलंच नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला: नवे प्रवासी चढले की जहाज निघण्याआधी किंवा निघताच ड्रिल व्हायलाच हवं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. आपली जमण्याची जागा पायी चालून एकदा बघा आणि मुलांनाही दाखवा.

१३. मोबाइल चालेल का?

किनारा सुटला की फोन विमान मोडवर टाका. नाही तर तो जहाजावरच्या नेटवर्कला आपोआप जोडला जातो. ते साध्या आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये बहुधा नसतं आणि बिल हजारोंत येतं. वायफाय विकत घ्या. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नका.

१४. व्हिसा कुठला काढायचा? जहाजातून उतरलोच नाही तर?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न हाच. ‘उतरलोच नाही तर’ हा विचार सोडून द्या. यादीतल्या प्रत्येक देशाचे कागद चेक-इनला तपासतात आणि एक जरी कमी पडला तरी चढू देत नाहीत. पैसेही परत मिळत नाहीत.

सिंगापूर: तिथून निघून मलेशिया-थायलंड करून परत येणं म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे छापलेल्या कागदावर बघा. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत.

भूमध्य समुद्र: बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, नेपल्स ही सगळी शेंगेनमधली (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातली) बंदरं, एक व्हिसा पुरतो. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. पण अथेन्सहून निघून तुर्कस्तानातलं कुशादासी करून पुन्हा ग्रीक बेटांवर गेलात तर तुम्ही शेंगेन सोडून परत आत आलात, म्हणून मल्टिपल एंट्री हवी. मधे माँटेनेग्रो किंवा अल्बानिया असेल तरी हेच. अर्जाच्या पत्रात बंदरांची यादी तारखांसकट जोडा आणि दोन प्रवेश का हवेत ते स्पष्ट लिहा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

अलास्का: व्हँकूवरहून निघा वा सिएटलहून, अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचे व्हिसा लागतात. “सिएटल ते सिएटल आहे, मग कॅनडा कशाला?” असं लोक विचारतात. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकन बंदरांमधून प्रवासी नेता येत नाहीत, मधे परदेशी बंदर घ्यावं लागतं. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीची आहेत. म्हणून ती परतीच्या वाटेवर काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात.

पासपोर्ट सफर संपल्यानंतर किमान सहा महिने वैध हवा. अमेरिकेत राहणाऱ्यांचा वेगळा पेच विसाव्या उत्तरात आहे.

१५. क्रूझ संध्याकाळी निघते, विमान सकाळी पोहोचतं. चालेल ना?

एक दिवस आधी पोहोचा. विमान चुकलं किंवा उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि पुढच्या बंदरावर गाठायचं तर नवं तिकीट आणि कदाचित नवा व्हिसा. परतीचं विमानही दुपारनंतरचं घ्या.

१६. बंदरावर जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं? जहाज निघून गेलं तर?

जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गेलात तर जबाबदारी तुमची. बंदर शहराच्या मध्याजवळ असेल (बार्सिलोना, नेपल्स, अलास्कातलं जूनो) तर स्वतः फिरा, पैसे वाचतात आणि मोकळेपणाही मिळतो. लांब असेल तर जहाजाची सहल घ्या.

रोमचं उदाहरण घ्या. यादीत ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, सुमारे ८० किलोमीटर दूर. आम्ही रेल्वेने गेलो. परतताना गाडी मधल्या एका स्टेशनवर पाऊण तास उभी राहिली. आई गाडीत डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. गँगवे (जहाजावर चढायची वाट) उचलायला बारा मिनिटं बाकी असताना आम्ही चढलो. तेव्हापासून माझा नियम असा: ‘सगळे जहाजावर’ अशी जी वेळ दिलेली असते तिच्या दोन तास आधी बंदराच्या शहरात परत.

घड्याळही जपा. जहाजाची वेळ आणि गावातली वेळ वेगळी असू शकते आणि फोन आपोआप गावातली वेळ दाखवतो. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. बंदरावरच्या जहाज कंपनीच्या एजंटचा फोन नंबर जहाजावर मिळणाऱ्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो. त्याचा फोटो काढल्याशिवाय उतरू नका. खरंच राहून गेलात तर आधी त्यालाच फोन करा.

१७. बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

सहसा फक्त त्या बंदराचं शुल्क आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे मिळतात, भाडं नाही. वारा, लाटा, संप यांमुळे बंदर बदलायचा अधिकार करारातच कॅप्टनला असतो. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी समुद्र खवळला तर उतरवत नाहीत. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीचे पैसे आगाऊ भरू नका.

छापील नाव आणि खरं बंदर वेगळं असण्याचं मोठं उदाहरण व्हेनिस. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनांहून (हे जहाजाच्या आकाराचं माप) मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ म्हणून विकलेली सफर रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून निघू शकते, आणि दोन्हीकडून व्हेनिस दोन तासांच्या आसपास आहे. हॉटेल घेण्याआधी धक्क्याचं नाव विचारा.

१८. ‘टेंडर पोर्ट’ म्हणजे काय?

कोकणच्या बोटीने भाऊच्या धक्क्यावरून गावी गेलेल्या पिढीला हे पटकन कळतं. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. तेच इथे. जहाज नांगर टाकतं, छोट्या बोटीने तुम्हाला नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागतं, त्यामुळे व्हीलचेअरवाल्यांना अनेकदा उतरता येत नाही. सँटोरिनीत बोट सोडते ती कड्याच्या पायथ्याशी. वरच्या ‘फिरा’ नावाच्या गावाला जायला केबल कार, नाही तर सुमारे ६०० पायऱ्या. दुपारी केबल कारची रांग तासाच्या वर जाते. गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन जाल तर सकाळच्या पहिल्या बोटीने जा आणि लवकर उतरा.

१९. जहाजावर आजारी पडलो तर?

डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण दर डॉलरमध्ये आणि भारी. पैसे आधी भरून नंतर विम्याकडून घ्यायचे. हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. विमा घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: समुद्रातला प्रवास धरला आहे का, आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठी संरक्षण आहे का, आणि तातडीने हलवण्याची मर्यादा किती. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, चार दिवसांची जास्त न्या.

पोट बिघडवणारा नोरोव्हायरस जहाजांवर झपाट्याने पसरतो. हातावरच्या सॅनिटायझरने तो नीट जात नाही, साबण-पाण्याने हात धुवावे लागतात. बुफेचे चमचे हाताळल्यावर, जेवायला बसण्याआधी धुवा.

गरोदर असाल तर सफरीच्या शेवटच्या दिवशीही २४ आठवडे पूर्ण झालेले नसावेत, असा बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम आहे. बाळ सहसा किमान सहा महिन्यांचं हवं, आणि महासागर ओलांडणाऱ्या सफरींना अनेकदा वर्षाचं.

२०. आम्ही न्यू जर्सीत एच-१बी वर आहोत, पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय पण आय-९४ चालू आहे. बहामाला क्रूझने जाऊन येऊ का?

नाही. आय-९४ म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्याची सरकारी नोंद. संपलेल्या व्हिसावर परत येण्याची एक सवलत आहे: ३० दिवसांपर्यंत कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन चालू आय-९४ वर परत येता येतं. पण कॅरिबियन बेटांपर्यंत ती सवलत फक्त एफ आणि जे व्हिसावरच्यांना, म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्यांना आहे, आणि तीही क्यूबा सोडून. म्हणून तुमचा भाचा विद्यार्थी म्हणून बहामाला जाऊन आला तरी तुम्हाला तेच लागू होत नाही. फक्त मेक्सिकोला थांबणारी सफर वेगळी. मेक्सिकोबरोबर एखादं बेटही असेल तर पुन्हा अडचण. बाहेर असताना नव्या व्हिसाचा अर्ज केलात तरी सवलत जाते. पैसे भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडून खात्री करून घ्या आणि कंपनीच्या चेक-इनवाल्यांना हा नियम माहीत असेल असं धरू नका, छापून न्या.

२१. बाबा ८४ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. न्यावं का?

न्या. एकच खोली, लिफ्ट, वेळेवर जेवण, आणि थकवा आला की परत येऊन पडायची सोय: म्हाताऱ्या माणसांना बसच्या टूरपेक्षा हे खूप सोपं जातं. मात्र बंदरांची यादी त्यांच्या पायांनी वाचा. टेंडर पोर्ट एकापेक्षा जास्त नकोत (अठरावं उत्तर), समुद्रातला दिवस किमान एक हवा, आणि केबिन लिफ्टपासून जवळ. कठडे आणि रुंद दारांच्या केबिन थोड्याच असतात, त्या सर्वांत आधी संपतात. व्हीलचेअर धक्क्यावर चढता-उतरताना मागितली तर मिळते. बंदरावर फिरायला ती मिळत नाही, आणि ढकलायला घरचं माणूस लागतं.

आणि रोज सगळ्यांनी उतरायलाच हवं असं नाही. माझे बाबा मार्सेयला उतरले नाहीत. आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा ते वरच्या डेकवर खुर्ची कठड्याला लावून बसले होते, आणि दिवसभरात कुठली बोट किती वाजता बंदरात आली, कुठली गेली, ते त्यांनी पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं होतं.